कचराद्रीवरची साक्ष

४ डिसेंबर

प्रिय भावोजी,

सप्रेम नमस्कार. वयाने तुमच्याहून जेमतेम मोठी असले तरी नात्याने आशीर्वाद देण्याचा अधिकार माझा आहे, म्हणून तोही सोबत पाठवते. तुम्हाला नको असेल तर जाऊबाईंना द्या. त्यांचे गुडघे, तुमची कोर्टातली लघुलेखनाची नोकरी आणि लेकीचा नवा संसार, तिन्ही नीट चालू असतील असं धरून चालते. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. पत्रात हे वाक्य लिहायचं असतं म्हणून लिहिलं. त्यात खरं किती ते पुढे कळेलच.

थंडी पडली आणि कुरव पक्षी आले. लोकांना कुरव म्हटलं की समुद्र, मावळता सूर्य आणि एखादं गलबत आठवतं. कुरवांना मात्र शिळं अन्न आठवतं. त्यामुळे ते हिवाळाभर किनारा सोडून कचरा डेपोवर मुक्काम करतात, आणि त्यांच्यामागून तुमचे दादा. हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे कमालच झाली. तुम्ही दोघा भावांनी निम्मं तारुण्य त्या ढिगाऱ्यावर काढलंत. पण आता ही बातमी मी प्रत्यक्ष पाहून देते आहे. या पक्ष्यांना लग्नापासून सवत म्हणत आले, आणि यंदा दर रविवारी सवतीच्या घरी पाहुणी म्हणून जाते आहे. दैवगती, दुसरं काय.

मुकादमाच्या खोलीत सही करायची, हेल्मेट आणि केशरी जाकीट चढवायचं, वजनकाट्याच्या मागून चढ चढायचा. त्या जाकिटात आम्ही दोघं संन्यास घेतल्यासारखे दिसतो, फक्त वास संसाराचा येतो. शहराने इतकी वर्षं टाकून टाकून उभ्या केलेल्या त्या टेकडीला मी हिमाद्रीच्या चालीवर 'कचराद्री' म्हणते आणि तुमच्या दादांना 'कुरवाचार्य'. पूर्वी ते चिडायचे. हल्ली ओ देतात. वास मंगळवारपर्यंत केसांतून जात नाही. सोमवारी शाळेत माझ्या संस्कृतच्या वर्गातली पुढच्या बाकावरची मुलं मागे जाऊन बसतात आणि मागे बसणारी तास बुडवतात. विषयाचा परिणाम असावा अशी मुख्याध्यापकांची समजूत आहे. मी ती दूर केलेली नाही.

मी का जाते असं विचाराल. गाडी आता मी चालवते म्हणून. ऑक्टोबरात यांनी गाडी दुभाजकावर चढवली. वर म्हणाले, दुभाजक नवीन बांधलाय. तो आपल्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे.

वाक्यात क्रियापदापर्यंत पोचेस्तोवर ऐकणाऱ्याला झोप लागेल इतकी विशेषणं मध्ये घालायची ही माझी जुनी खोड, तुम्ही ओळखता. तर क्रियापद असं: यांना उजव्या डोळ्याने मधलं दिसत नाही. कडेकडेने दिसतं, मधलं पुसून टाकल्यासारखं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. चष्मेवाल्याने हात टेकले आणि डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. त्यांनी तपासून सांगितलं की डाव्या डोळ्यातही तेच सुरू झालंय. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, दर काही आठवड्यांनी, आणि लवकर. उजवा फारसा सुधारणार नाही, पण डावा वाचेल. वेळ काढू नका, असं त्यांनी जाताना पुन्हा बजावलं.

हे म्हणाले, "हिवाळा संपू दे. कुरव फेब्रुवारीअखेर जातात. डोळे कुठे जाताहेत?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मी हसले, सवयीने.

जन्मभर नकाशे काढलेला माणूस. केसाइतकी रेघ ओढायची आणि ती सरळ आहे की नाही हे लांबून सांगायचं. आता दुर्बिणीला डावा डोळा लावतात. उभं राहायची ढबच बदलली आहे. पाठमोरे पाहिले तर कोणीतरी परका माणूस यांचा मफलर घालून उभा आहे असं वाटतं.

तुमच्यात आणि त्यांच्यात जे झालं तेव्हा मी ढिगाऱ्यावर नव्हते. दोन्हीकडून अर्धं अर्धं ऐकलं, त्याची बेरीज अशी. तुमचा जोडीचा नियम होता: ज्याला आधी वेगळा पक्षी दिसेल त्याने बोलायचं नाही, दुसऱ्याच्या खांद्यावर टिचकी मारून दुर्बीण सोडून बाजूला व्हायचं. दुसऱ्याने पाहून आधी सांगायचं. दोघांचं जुळलं तरच तो पक्षी नोंदीत धरायचा. त्या हिवाळ्यात यांना काळ्या पाठीचा उत्तरेकडचा कुरव दिसला, आपल्याकडे कधीच न आलेला. यांनी टिचकी मारली. तुम्ही पाहिलंत आणि म्हणालात, पक्षी आहे, पण पाठ काळी दिसत नाही. पक्षीनिरीक्षकांच्या मंडळाने तो पक्षी धरला नाही. तेव्हापासून तुमचा उल्लेख घरात 'ते कोर्टवाले' असा होतो. नाव घेतलं जात नाही, पण विषय बंद झालेला नाही, हे लक्षात घ्या. माणूस खरंच नकोसा झाला की त्याच्याबद्दल इतकं बोलत नाहीत.

तर एखाद्या रविवारी या. दुर्बीण आणू नका, इथे आहे. मी सांगितलेलं हे ऐकत नाहीत, माझं ऐकायची सवय यांना लावायची राहून गेली. तुम्ही एकदा बोलून पाहा. डावा डोळा आहे तोवर.

जाऊबाईंना नमस्कार. गुडघ्यांना तेल.

तुमची
वहिनी

*

१० जानेवारी

प्रिय भावोजी,

नमस्कार. पत्र मिळालं. कोर्टात दुसऱ्यांचं बोलणं उतरवून घेता घेता स्वतःसाठी शब्द उरत नसावेत, नाहीतर एवढ्या मोठ्या कागदावर एवढंसं पत्र कसं मावलं असतं? 'दादांच्या तब्येतीची काळजी वाटते. बोलावणं त्यांच्याकडून आलं तर येईन.' सूत्ररूपात लिहिणाऱ्यांबद्दल मला व्यवसायामुळे आदर आहे, पण सूत्रावर भाष्य लिहिताना पिढ्या खर्ची पडतात. आपल्याकडे तेवढा वेळ नाही.

मी ते यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "ते कोर्टवाले मोठे. त्यांना समन्स लागतं." मग थोड्या वेळाने पत्र मागून घेतलं. अक्षर तसंच आहे का ते बघायचं होतं. मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तसं डोळ्याच्या कडेने बराच वेळ बघत राहिले. तसंच आहे, म्हणाले. दिसलं की आठवलं, मी विचारलं नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे मी राहू दिली. आता लिहिते, कारण तिच्यावाचून पुढचं कळणार नाही.

मला कुरव ओळखता येत नाहीत. पांढरा तो कुरव, काळा तो कावळा, एवढंच माझं पक्षिशास्त्र. कुरवाला मोठ्या माणसासारखी पिसं यायला तीन-चार हिवाळे लागतात, प्रत्येक हिवाळ्याचा रंग वेगळा, हे यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. पण पाठांतराने दिसायला लागत नाही, हे मी रोज वर्गात पाहते. तेव्हा जोडीचा नियम माझ्यासाठी सैल झाला. हे दुर्बिणीतून पाहतात, आधीच सांगतात, 'डंपरच्या डावीकडे, दुसऱ्या हिवाळ्याचा.' मी डोळा लावते आणि म्हणते, 'हो.' आणि हातातल्या मोजणीच्या यंत्राचं बटण दाबते.

पहिला 'हो' म्हटला तेव्हा गार वारा सुटला होता आणि मला घरी जायचं होतं. डंपरच्या डावीकडे तेव्हा काहीच नव्हतं. असेल उडून गेलेला, म्हटलं. दुसऱ्यांदाही काही नव्हतं. पण यांचा चेहरा इतका उजळला होता की मी पुन्हा हो म्हटलं. तिसऱ्यापासून मोजणं सोडलं. यंत्र मोजत राहिलं.

त्याचं काय झालं ते मला फार उशिरा कळलं. गाडीत मी इंजेक्शनांचा विषय काढला. हे शांतपणे म्हणाले, "तुला दिसतं तेच मला दिसतं. सकाळपासून प्रत्येक पक्षी जुळला ना आपला? मग डोळ्याला झालंय काय?" मी गिअर बदलला. विद्यार्थ्याने चुकीच्या उत्तराला बरोबर कारण द्यावं तसं झालं. त्या माणसाने आपल्या डोळ्यांचा निवाडा माझ्या 'हो'वर सोडला होता, आणि मी तो वाऱ्याला कंटाळून देत होते.

पुढचं आणखी वाईट आहे. तुम्ही बसला नसाल तर बसा.

नाताळच्या सुट्टीतला रविवार. धुकं होतं. सोबत मंडळातले निवृत्त दंतवैद्यही होते. तुम्ही असताना ते नव्हते, नंतर आले. भला माणूस, पण जन्मभर उघड्या तोंडांशी बोलल्यामुळे उत्तरासाठी थांबायची सवय नाही. त्यांचं काहीतरी चाललं होतं आणि यांनी एकदम माझा हात धरला. म्हणाले, "आला. काळ्या पाठीचा. त्या गजांच्या ढिगावर बसलाय."

मी दुर्बिणीला डोळा लावला. मोडक्या बांधकामाचे गज होते. त्यातल्या एकाला दोन पिशव्या अडकल्या होत्या, वर काळी, खाली पांढरी. वाऱ्याने फुगत होत्या, पुन्हा बसत होत्या. पंख सावरल्यासारखंच दिसत होतं, यांची चूक नाही.

मी म्हटलं, "हो."

भावोजी, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, कोर्टवाल्यांना कळवायला हवं. म्हणजे समन्स निघणार होतं, पण असल्या कारणासाठी.

पुढच्या रविवारी तो तिथेच होता. त्याच्या पुढच्याही. कुरव इतका एकनिष्ठ नसतो. यांना मात्र त्यात नवल वाटलं नाही. म्हणाले, दमलाय, लांबून आलाय. वजनकाट्यापाशी जाकीट काढताना दंतवैद्य हळूच म्हणाले, "बाई, ती पिशवी आहे." मी म्हटलं, माहीत आहे. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उत्तर ऐकून घेतलं असावं, कारण पुढे काय बोलावं त्यांना सुचेना.

महिनाअखेर मंडळाची बैठक आहे. हे तिथे उभं राहून हा कुरव जाहीर करणार आहेत, साक्षीला मी. दंतवैद्य तोवर गप्प राहणार आहेत. बैठकीतलं कुणीतरी दुसऱ्या दिवशी डेपोवर जाऊन बघेलच. मग लोक हसतील. हसण्याचं मला फारसं वाटत नाही, मी शाळेत शिकवते. पण हसू ऐकल्यावर हे डोळे झाकून घरात बसतील आणि मग डॉक्टरीणबाईंचं नावही काढू देणार नाहीत. बैठकीच्या आत यांना कळायला हवं आणि ते कोणीतरी तोंडावर सांगायला हवं.

मी दमले आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं म्हणजे इतकं थकायला होतं याची कल्पना नव्हती. शाळेतून येते, भाजी चिरते, औषधं काढून देते, पेपर वाचून दाखवते. त्यात काही नाही, ते सगळेच करतात. रविवारी मात्र नसलेलं बघून परत येते तेव्हा जिना चढवत नाही.

तेव्हा तुम्ही या आणि 'नाही' म्हणा. यांना ते म्हणणारे आजवर तुम्ही एकटेच भेटला आहात. अनुभवी माणूस हवा.

तुमची
वहिनी

*

२१ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

नमस्कार. दवाखान्याच्या बाकावर, मांडीवर पर्स ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. मुलांनी अशी वही दिली असती तर परत केली असती.

बैठकीच्या आधी तुमचं पत्र आलं होतं. 'जे मी पाहिलं नाही त्याला मी नाही कसं म्हणू? तुम्ही पाहिलं आहे, वहिनी. तुम्हीच सांगा.' वाचून मी पहिल्यांदा चिडले. तुम्हाला ज्या विशेषणांनी गौरवलं ती लिहीत नाही. संस्कृतात ती बरी वाटतात, मराठीत खटला भरता येईल. दुसऱ्यांदा वाचलं. मग भाजी फोडणीला टाकली आणि तिसऱ्यांदा आठवून पाहिलं. त्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तुमचं हेच तर दुखणं आहे.

तर मीच सांगितलं. कसं ते ऐका.

बैठकीच्या आधीचा रविवार. ऊन लख्ख होतं, धुक्याचा आधार नव्हता. यांनी सकाळीच जाहीर केलं की आज सगळं नियमाने करायचं, बैठकीत कोणी बोट दाखवायला नको. मी गाडी चालवत होते. वर पोचलो. दंतवैद्य आधीच येऊन उभे होते. बुलडोझर खालच्या अंगाला होता, सगळे कुरव त्याच्यामागे, आणि गजांच्या ढिगावर फक्त तो. यांनी बराच वेळ दुर्बीण फिरवली, मान तिरकी करत करत त्याच्यावर आणली. तोंडातून अक्षर काढलं नाही. माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि बाजूला झाले.

इतकी वर्षं तुमच्या खांद्यासाठी राखून ठेवलेली टिचकी ती. मला कधीच मिळाली नव्हती.

मी पाहिलं. काळी पिशवी आता एका बाजूने फाटली होती.

"काय दिसतंय?" यांनी विचारलं.

"पिशवी."

"कुरवाच्या शेजारी?"

"कुरव नाहीये तिथे. दोन पिशव्या आहेत, गजाला अडकलेल्या. वर काळी, खाली पांढरी."

दंतवैद्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. खालून डंपर मागे घेताना वाजतो तसा वाजत होता, तेवढाच आवाज.

"आज पिशवी आहे," हे म्हणाले.

"तेव्हाही पिशवीच होती."

"तू हो म्हणालीस."

"म्हणाले."

यांनी पुन्हा दुर्बीण धरली. डावा डोळा लावला, मग उजवा, मग पुन्हा डावा. मान इकडे केली, तिकडे केली. मग डोळा न काढताच त्यांनी विचारलं, आणि बाकीचे पक्षी? मी सांगितलं, काही खरंच होते. काही मी हो म्हटलं म्हणून होते.

त्यांनी हात पुढे केला. मी मोजणीचं यंत्र दिलं. त्याची कळ त्यांनी स्वतः फिरवली, सगळे आकडे शून्य होईपर्यंत. शून्य दिसत नव्हतं, म्हणून अंगठ्याने चाचपून पाहिलं की कळ पुढे जात नाही. दंतवैद्यांना म्हणाले, "या डेपोची मोजणी यंदा धरू नका." दंतवैद्य लगेच हवेबद्दल बोलायला लागले, मग रस्त्यांबद्दल, मग पुन्हा हवेबद्दल, आणि कुणाच्या उत्तराची वाट न बघता चढ उतरेपर्यंत बोलत राहिले. त्यांच्या त्या खोडीला मी यापुढे कधी नावं ठेवली तर आठवण करून द्या.

गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस."

मी म्हटलं, "हो." हा मात्र खरा होता.

त्यानंतर घरात बोलणं बंद. भांडण नव्हतं. हे जेवायचे, रेडिओ ऐकायचे, खिडकीशी बसायचे. मी पेपर वाचून दाखवला तर ऐकायचे, मध्येच थांबले तर 'पुढे' म्हणायचे नाहीत. मला वाटत होतं की मी यांचे दोन्ही डोळे एकाच वेळी काढून घेतले. बैठकीला गेले नाहीत. मग एका सकाळी दाढी करता करता, आरशाकडे न बघता म्हणाले, त्या डॉक्टरीणबाईंची वेळ घे. मी लगेच फोन केला. हे मन बदलतील अशी भीती नव्हती. मीच फोन खाली ठेवीन अशी होती.

आज पहिलं इंजेक्शन झालं. आत जाताना यांनी माझा हात धरला नाही, दाराची चौकट धरली. बाहेर आले ते पट्टी बांधून. सुई दिसते का, असं मी मूर्खासारखं विचारलं. म्हणाले, "मधोमध आली. त्यामुळे दिसली नाही." आता माझ्या शेजारी बसले आहेत आणि बरे आहेत. हे वाक्य या वेळी रीत म्हणून लिहिलेलं नाही.

आता ते लिहिते जे पत्र सुरू केल्यापासून पुढे ढकलते आहे. डिसेंबरात डाव्या डोळ्याने यांनी तक्त्यावरच्या ज्या ओळी वाचल्या होत्या, त्यांतली सगळ्यांत खालची आज वाचता आली नाही. तिच्या वरचीही अडखळत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, टिकेल असं वाटतं. मग म्हणाल्या, "डिसेंबरात सुरू केलं असतं तर," आणि थांबल्या. सभ्य बाई आहेत. उरलेलं वाक्य मी मनात पूर्ण केलं. त्या ओळी माझ्या खात्यावर आहेत, भावोजी. तुम्ही खोडून काढू नका. हे खोडायला बघतात. म्हणतात, मी तरी कुठे विचारलं तुला, खरंच दिसतं का म्हणून. त्यांचं म्हणणं त्यांच्यापाशी.

तुमच्याबद्दलही बोलणं झालं. आज येताना, गाडीत. म्हणाले, "त्याला कळव." बोलवू का, असं विचारलं तर म्हणाले, कळव म्हटलंय, बोलव म्हटलेलं नाही. मग सिग्नल लागला. हिरवा झाल्यावर म्हणाले, "त्या वर्षीचा कुरव खरा होता. पाठ काळीच होती. पण त्याला दिसली नाही, आणि त्याने तसं सांगितलं. तेवढं त्याचं बरोबर." माझ्या माहितीप्रमाणे यापेक्षा मोठी माफी या माणसाने आजवर कोणाला दिलेली नाही, मागितलेली तर नाहीच. कोण कोणाला माफ करतंय हे त्यातून मला नीट उलगडलं नाही. तुम्ही सख्खे भाऊ आहात, तुम्हाला उलगडेल.

एक विसरले: 'कोर्टवाले' म्हणाले नाहीत. 'त्याला' म्हणाले.

आत्ता यांनी विचारलं, कोणाला लिहितेस. सांगितलं. लांबलचक लिहू नकोस, त्याला सवय नाही, म्हणाले. मग विचारलं, खिडकीतून काय दिसतं. मी पाहिलं. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक कुरव बसला होता. खराखुरा, मान वळवून पाठ खाजवत होता. मी सांगितलं, कुरव आहे.

"कितव्या हिवाळ्याचा?"

मी उठून खिडकीशी गेले. पुष्कळ वेळ पाहिलं. पाठीवर तपकिरी ठिपके होते की टाकीची सावली पडली होती, ठरेना. परत येऊन बसले आणि म्हटलं, "मला नाही सांगता येत."

"बरं," हे म्हणाले, आणि पाय लांब करून भिंतीला डोकं टेकवलं. थोड्याच वेळात झोप लागली. हिवाळाभरात हा माणूस असा शांत झोपलेला मी पाहिला नव्हता. माझ्या खांद्यावर भार येतो आहे, म्हणून शेवटच्या या ओळी तिरक्या गेल्या आहेत.

पुढचं इंजेक्शन महिन्याने आहे. तेव्हा कुरव गेलेले असतील, ढिगाऱ्यावर नेण्यासारखं काही नसेल, नुसतं बाकावर बसायचं असेल. यायचं असेल तर या. येणार नसाल तर तसं साफ लिहा. आमच्या घरी आता 'नाही' ऐकून घेतात.

तुमची
वहिनी